रेवाचे चार दिवस

१ जुलै २०१६, शुक्रवार. टॅम्पिनीस, सिंगापूर.

अखेर अमेरिकेचं, फिनिक्सचं ठरलंच. फॅबमध्ये (आमच्या चिपच्या कारखान्यात) नवं मशीन येतंय, त्याचं तीन आठवडे ट्रेनिंग, आणि आमच्या टीममधून मी आणि ह्वी लिंग. बॉसला म्हटलं, मुलगी सहावीत आहे, पी.एस.एल.ई.चं, म्हणजे इथल्या बोर्डाच्या परीक्षेचं वर्ष आहे. तर म्हणतो, "तुझी मदर-इन-लॉ आलीय ना, सो नाइस." सो नाइस! दोन दिवस घेऊन जा म्हणावं तुझ्या घरी.

साबा येऊन पंधरा दिवस झाले. (इथे साबा. तोंडावर आई.) आल्या आल्या स्वयंपाकघर उलटंपालटं. मिसळणाचा डबा कुठे, चहाचा कुठे, मी माझ्याच घरात पाहुणी. देव मांडले ते रेवाच्या खोलीत, कारण त्या तिथे झोपतात आणि हॉलमध्ये टीव्ही असतो, देवांना चालत नाही. पोरीच्या अभ्यासाच्या टेबलाचा अर्धा भाग आता देवघर. तिच्या मॅथ्सच्या पेपरांना उदबत्तीचा वास येतो.

अ.ला सांगितलं तर म्हणाला, "तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे." नवरा असला की उत्तर हे असंच असतं.

८ जुलै, शुक्रवार.

उद्या निघायचं. बॅग अर्धीच भरलीय. रेवाला बाजूला घेऊन परत एकदा सगळं सांगितलं. बारा पूर्ण झाली, आता कधीही होईल. कपाटात निळी पिशवी ठेवलीय, पॅड, जास्तीच्या चड्ड्या, एक चॉकलेट. "आय नो लाह मम्मा, स्कूलमध्ये ऑलरेडी शिकवलं." इथल्या पोरांच्या प्रत्येक वाक्यात एक लाह. कानात परत इयरफोन.

साबांनाही सांगितलं. "होईल ते बघू. तू निर्धास्त जा." म्हणजे काय ते तेव्हाच विचारायला हवं होतं. पण मी डोसे घालत होते आणि तवा तापला होता.

१२ जुलै, मंगळवार. फिनिक्स.

बाहेर पंचेचाळीस. गाडीच्या दाराला हात लावला तर चटका. ट्रेनर सकाळी आठला सुरू होतो आणि थांबतच नाही. जेट लॅग. जेवण म्हणजे चीजवर चीज. ह्वी लिंग हॉटेलच्या केटलमध्ये मॅगी करते आणि मला अर्धी देते. देवमाणूस.

घरी फोन. सगळं "छान". साबांच्या तोंडून छान आलं की मला धस्स होतं.

१५ जुलै, शुक्रवार. फिनिक्स.

लिहिते, नाहीतर कुणाला तरी मारीन.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल. तिथे शनिवारची सकाळ. रेवा कुठाय विचारलं तर अ. म्हणाला, "आहे ना. ती, अं, ती बसलीय."

"कुठे बसलीय?"

"आईनं बसवलंय."

मला कळलं. आणि मग तळपायाची आग मस्तकात. २०१६ साली! सिंगापुरात! चौदाव्या मजल्यावर! मी स्वतः कधी बसले नाही. माझ्या आईनं मला बसवलं नाही, आजीनं तिला बसवलं असेल तर असेल. आणि माझ्या मुलीला पहिल्याच वेळी बाजूला?

आणि बाजूला कुठे, तर बॉम्ब शेल्टरमध्ये! खोलीत देव आहेत ना. म्हणून पोरीची गादी उचलून त्या स्टोअर रूममध्ये. इथे प्रत्येक फ्लॅटला एक असते, जाड भिंती, लोखंडी दार, खिडकी नाही, युद्ध झालं तर लपायला. आमच्याकडे युद्ध नाही म्हणून तिथे तांदूळ, सुटकेसा आणि जुना प्रिंटर. त्यांच्यामध्ये माझी मुलगी.

"दार उघडं आहे गं," अ. म्हणतो. "फॅन लावलाय."

फॅन लावलाय! उपकारच झाले.

म्हटलं, आत्ताच्या आत्ता तिची गादी खोलीत ने. तर म्हणे, आई रडेल, तिचं बीपी, दोन दिवस तर राहिलेत, तू आलीस की बघू. ज्या माणसाच्या हाताखाली बँकेत वीस लोक काम करतात त्याला एक गादी उचलता येत नाही.

रेवा आली फोनवर. चेहरा असा की काही झालंच नाही. विचारलं, दुखतंय का, घाबरलीस का, ताट वेगळं दिलंय का. "कॅन वी नॉट टॉक अबाउट इट?" बस्स. एवढंच बोलली. मागून साबांचा आवाज: "लोणच्याच्या बरणीला शिवू नको हं बाळा."

बाळा म्हणायचं आणि शिवू द्यायचं नाही.

१६ जुलै, शनिवार. फिनिक्स.

लांबलचक दिवस. जमेल तसं लिहिते.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी ह्वी लिंग म्हणाली, गाडी आहे, चल डोंगरात जाऊ, वर तरी थंड असेल. बाकी लोक ग्रँड कॅन्यनला गेले, मला कुणाची तोंडं बघायची नव्हती. तीन-चार तासांचा रस्ता. वाळवंट, मग मोठमोठे निवडुंग, मग एकदम पाइनची झाडं. अपाचे लोकांचा राखीव प्रदेश सुरू झाल्याची पाटी लागली. त्यांचं एक सांस्कृतिक केंद्र आहे, ह्वी लिंगनं कुठेतरी वाचलेलं. मला खरं तर नुसतं गाडीत बसून रडायचं होतं, पण ती चालवत होती, तिच्या मर्जीनं.

वाटेत तिला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माय मदर केस न धुवायला सांगायची. रेड डेट्स, जिंजर, चिकन सूप. टेन डेज आय स्टिंक लाइक रेस्टॉरंट." हसायला आलं. हसले आणि मग पुन्हा चिडले.

केंद्र छोटंसंच. बाहेर जुन्या लष्करी तळाच्या इमारती. एकेकाळी ह्यांना धाकात ठेवायला सैन्य इथेच होतं, मग तिथेच मुलांची निवासी शाळा, केस कापायचे, आपली भाषा बोलायची नाही. आता तिकिटाच्या काउंटरवर त्यांचीच बाई बसते. साठीची असेल, जाड चष्मा, पुढ्यात आइस टीचा हा एवढा ग्लास. आम्हाला विचारलं कुठून आलात. सिंगापूर म्हटल्यावर म्हणाली, "लांबून आलात. बाथरूम डावीकडे."

आत टोपल्या. इतक्या सुंदर टोपल्या की आमच्या बुरुडआळीची आठवण झाली. पाठीवर ओझं न्यायच्या, पाणी भरायच्या, डिंकानं लिंपलेल्या. बाळाला बांधून न्यायच्या लाकडी पाट्या. घराण्यांची, लढायांची, हाकलून दिल्याची माहिती, आणि सगळीकडे "आम्ही". ते असे होते, तसे होते, असं कुठेच नाही. आम्ही असं करतो. हे मला फार आवडलं. राग थोडा उतरला होता, खरंच.

आणि मग ती भिंत.

मुलीचे फोटो. रेवाच्याच वयाची. कातड्याचा पिवळसर झालरींचा झगा, कपाळावर शिंपला, हातात घुंगरं लावलेली काठी. चेहऱ्यावर पिवळी पूड, भंडारा उधळल्यासारखी. वाचलं. मुलीला पहिली पाळी आली की चार दिवस सोहळा. चार! ती नाचते, तासन् तास, सूर्याकडे तोंड करून. घरच्यांची वर्षभर तयारी. बाहेरच्या घराण्यातली एक बाई तिची मानलेली आई होते, आयुष्यभराची. आणि त्या चार दिवसांत तिच्यात अशी शक्ती असते की आजारी माणसं, म्हातारी माणसं रांग लावून तिच्याकडून आशीर्वाद घेतात.

रांग लावून. तिला शिवायला. आणि माझी पोरगी जुन्या प्रिंटरशेजारी, दोन दिवसांपासून.

पुढचा फोटो बघितला आणि मी मोठ्यांदा ओरडलेच. टोपलीतून मुलीच्या डोक्यावर गोळ्या, चॉकलेटं, मक्याचे दाणे ओततायत, आणि खाली लहान मुलं वेचायला तुटून पडलीयत. बोरन्हाण! हुबेहूब बोरन्हाण! फक्त आपण ते दीड वर्षाच्या बाळाला घालतो आणि हे लोक बारा वर्षांच्या मुलीला. ह्वी लिंगला समजावून सांगायला लागले, संक्रांत, बोरं, चुरमुरे, हलव्याचे दागिने. ती म्हणाली, "सो तुम्ही बेबीवर फूड फेकता." जाऊ दे.

डोक्यात एकच. हा फोटो अ.ला पाठवायचा. आत्ता. बघ म्हणावं, जगात लोक काय करतात. फोन काढला, मारला फोटो. समोर ढळढळीत पाटी: ह्या भागात फोटो काढू नयेत. वाचली होती की मी! तरी काढला.

बाई उठून आली. आवाज चढवला नाही. "डिलीट करा." मी केला. "ट्रॅशमधूनही." तेही केलं. कान गरम झाले माझे. ऑफिसात मी लोकांना क्लीन रूमचे नियम शिकवते, कुणी मास्क नाकाखाली घेतला तर जीव खाते, आणि इथे ही गत.

माफी मागताना बांध फुटला. उभ्या उभ्या त्या परक्या बाईला सगळं सांगितलं. मुलगी, सासू, लोखंडी दार. माझं इंग्रजी रागात पुण्याचं होतं, तिला निम्मं कळलं असेल. तिनं ऐकलं. "हं," म्हणाली. मग तिनं सांगितलं, मागच्या उन्हाळ्यात तिच्या नातीचं झालं. उन्हात नाचून नाचून पोरगी रडली, पाय सुजले, तरी थांबली नाही. मध्ये सरकारनं हे सगळं बंद पाडलं होतं तेव्हा तिच्या आजीचं लपून केलं, थोडक्यात.

मी म्हटलं, "मी माझ्या मुलीचं करणार. असंच."

तिनं आइस टी घेतला. "हे आमचं आहे," म्हणाली. रागानं नाही, मी सांगते ना की माझं आडनाव अमुक आहे, तसं. "तुमच्या आज्यांचं काहीतरी असेल." आणि मग, "मुलीला विचारलंत?"

म्हटलं, तिला आवडेल. तिनं पुन्हा "हं" केलं.

तो दुसरा हं मला गाडीत बसल्यावर झोंबला. म्हणजे काय, हं? माझ्या मुलीला मी ओळखते.

१७ जुलै, रविवार. फिनिक्स.

अ.शी तासभर भांडण. अपाच्यांचं सगळं सांगितलं. म्हणाला, "छान आहे गं, पण आपण अपाचे आहोत का?" म्हटलं, नाही, आपण त्यांच्यापेक्षा मागासलेले आहोत. फोन कट. त्यानं केला की मी, माहीत नाही.

रेवा आज उठली म्हणे. डोक्यावरून आंघोळ घातली साबांनी, मग देवाला नमस्कार. अ.नं हे असं सांगितलं की जणू पोरगी परीक्षा पास झाली.

१ ऑगस्ट, सोमवार. टॅम्पिनीस.

काल पहाटे पोचले. रेवानं मिठी मारली, दोन सेकंद. पूर्वी लोंबायची गळ्यात. विचारलं, मला सगळं सांग ना. "नथिंग टु टेल." कपाटातली निळी पिशवी बघितली. चॉकलेट तसंच.

साबांशी बोलायचंच ठरवलं होतं. शांतपणे. कसलं शांतपणे! पोहे परतताना सुरू झाले ते थांबलेच नाही. आई, तुम्ही माझ्या मुलीला तांदळाच्या पोत्याशेजारी झोपवलंत. आई, ती काय अस्पृश्य आहे का. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. म्हणाल्या, "मी तिच्याजवळच होते गं. दाराशी चटई टाकून झोपले चारही दिवस."

हे अ.नं सांगितलं नव्हतं. पण म्हणून काय झालं?

मी ठरवलंय. रविवारी करायचं. आपलं बोरन्हाणच, मोठ्या मुलीचं. नाच नाही, पूड नाही, त्यांचं काही घेणार नाही. आपल्याच टोपलीतलं. मंजिरी (आमच्या खालच्या मजल्यावर राहते, मूळची डोंबिवलीची) उड्याच मारायला लागली. "किती प्रोग्रेसिव्ह गं तू!" तिघीचौघींना सहकुटुंब बोलावलं.

साबांना सांगितलं तर चेहरा पांढरा. "नको गं. गाजावाजा नको. कुणाला कळवू नको." म्हटलं, लाज वाटण्यासारखं काही झालेलं नाही. "लाज नाही गं," म्हणाल्या, पुढे बोलल्याच नाहीत. बोलतील काय, सोवळ्याला उत्तर नसतं.

४ ऑगस्ट, गुरुवार.

रेवाला सांगितलं, रविवारी तुझ्यासाठी छोटंसं गेट-टुगेदर. "व्हॉट फॉर?" सरप्राइज म्हटलं. "आय हॅव ओरल कमिंग, यू नो." दहा मिनिटांचं तर आहे, म्हटलं.

बोरं कुठून मिळणार इथे. लिटल इंडियात चुरमुरे मिळाले. द्राक्षं, लिचीसारखी लॉन्गन, चॉकलेटं, पॉपकॉर्न. टोपली मात्र वेताची, सुंदर मिळाली.

७ ऑगस्ट, रविवार.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

सगळे जमले. मंजिरीनं रेवाला पाटावर बसवलं. रेवाला वाटलं काहीतरी परीक्षेसाठीचं औक्षण आहे, बसली बिचारी, हसत. मी दोन शब्द बोलले. पाठ केले होते. की आमची मुलगी मोठी झाली, की ह्यात लपवण्यासारखं काही नाही, की जगात असेही लोक आहेत जे... तिच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही मी बोलताना. टोपली उचलली आणि ओतली.

धाकटी पोरं धावली वेचायला. किंचाळत. मंजिरीचा नवरा चांगला माणूस आहे, त्याला वाटलं काहीतरी बोलायला हवं. पुढे येऊन तिच्यापुढे हात केला. "काँग्रॅच्युलेशन्स, बेटा."

रेवाच्या केसात पॉपकॉर्न. मानेवर चुरमुरे. ती त्याच्या हाताकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. आवाज अगदी बारीक: "यू टोल्ड एव्हरीबडी?"

उठली, चपला घातल्या आणि गेली. लिफ्टचं दार बंद झाल्याचं ऐकू आलं.

मी रिकामी टोपली धरून तिथेच. अ. जिन्याच्या दिशेनं धावला. पण त्याच्याआधी साबा. ज्या बाई लिफ्टमध्ये एकट्या बसत नाहीत, बटण कुठलं दाबायचं विचारतात, त्या अनवाणी गेल्या.

लोक अर्ध्या तासात पांगले. केक तसाच. मंजिरी म्हणाली, "अगं वय आहे तिचं, होतं." मला तिच्या तोंडावर टोपली मारावीशी वाटली, आणि तिची काय चूक?

दोघी बऱ्याच वेळानं वर आल्या. खाली बिल्डिंगच्या मोकळ्या जागेत दगडी बाकांवर म्हातारे चिनी लोक पत्ते खेळत बसतात ना, तिथे बसल्या होत्या म्हणे. रेवा माझ्या शेजारून गेली. साबांच्या केसात एक चुरमुरा होता.

८ ऑगस्ट, सोमवार.

डोकं दुखतंय. रजा टाकली.

रेवा शाळेत गेली, डबा नेला नाही. मी सोफ्यावर. साबा मेथी निवडायला समोर येऊन बसल्या. मी म्हटलं, बोला आता, तुमचंच खरं झालं. त्या म्हणाल्या, "खरंबिरं नाही गं."

आणि मग सांगितलं. जसं आठवतंय तसं:

"माझं लग्न अकराव्या वर्षी झालं. पण लग्नानंतरही माहेरीच होते, न्हाण यायचं होतं ना. आलं, तर वहिनीनं कुणाला सांगितलं नाही. कोठीच्या खोलीत ठेवायची मला. पोरीला ताप आहे म्हणायची. चारपाच महिने असं. मग आईला कळलं. आई बिचारी खूश. मखर केलं, केळीचे खांब, वाजंत्री, मला मधे बसवलं, ओटी भरली. गावभर साखर. सगळ्यांना कळलं म्हणजे सासरीही कळलं. आठ दिवसांत बैलगाडी आली न्यायला."

मेथी निवडतच होत्या.

"मी मखरात बसले होते तेव्हा हसत होते गं. नवीन परकर होता. मला कुठं माहीत."

मग म्हणाल्या, "अभयनं तुला फोनवर सांगितलं तर तू केवढी चिडलीस. मला वाटलं, मी नीट ठेवलं पोरीला. लपवून."

मला रडू आलं, तेही रागाचंच. इतकी वर्षं ह्या बाईवर नीट चिडता येत होतं, तेही गेलं. पण मी मी आहे. डोळे पुसून विचारलंच, "मग आई, लोणच्याला शिवू नको का म्हणालात? त्याचा बैलगाडीशी काय संबंध?"

"ते शिवायचंच नसतं," म्हणाल्या. सरळ. जणू मी विचारलं मीठ खारट का.

कप्पाळ!

अ. संध्याकाळी आला तेव्हा त्याला विचारलं, तुला हे माहीत होतं? आईच्या लग्नाचं? म्हणाला, "लवकर झालं एवढं माहितीय." पन्नाशीला आलेला मुलगा.

१३ ऑगस्ट, शनिवार.

रेवाची माफी मागितली. नीट, बसून, तिच्या भाषेत. तिनं ऐकलं. "ओके." म्हटलं, तू काहीतरी बोल ना, ओरड माझ्यावर. "आय सेड ओके, मम्मा."

ओके हा शब्द कुणी शोधून काढला त्याला धरून आणा.

त्या काउंटरवरच्या बाईचा हं आठवत राहतो. विचारलंत का. नाही विचारलं! साबांनीही नाही विचारलं, मीही नाही. एकीनं लपवलं, एकीनं ओतलं. आणि मी अडीचशे किलोमीटर जाऊन, तिकीट काढून, पाटी वाचून आले होते.

२० ऑगस्ट, शनिवार.

दुसरी पाळी यायला हवी. आली की नाही माहीत नाही.

निळी पिशवी कपाटात नाही. कुठे हलवली विचारलं तर "समव्हेअर." साबांनीही आडून विचारलं, "पोटबिट दुखतं का गं?" "नो, आजी." आम्ही दोघी स्वयंपाकघरात एकमेकींकडे बघत बसतो. कधी नव्हे ते एकाच बाजूला, आणि दोघींनाही काही माहीत नाही.

वॉशिंग मशीन ती स्वतः लावते आता. अ. कौतुक करतो, किती जबाबदार झाली. त्याला मी काही सांगत नाही.

ती पुन्हा कधी सांगेल का मला? कधी खूप दुखलं तर, काही वाईट झालं तर? मी फॅबमध्ये असताना तिला कुणाकडे जावंसं वाटेल? हाच प्रश्न आहे, बाकी सगळं गेलं खड्ड्यात.

३० ऑगस्ट, मंगळवार.

गणपतीची तयारी. देव रेवाच्या खोलीतून हॉलमध्ये आले. साबांनीच आणले, कुणी न सांगता. टीव्हीवर चादर टाकली. देवांना एवढं पुरतं म्हणे.

त्यांचा इथे राहायचा पास सप्टेंबरच्या मध्यावर संपतोय, गणपती झाले की जातील. परत जाताना काय काय न्यायचं त्याची यादी सुरू झालीय. मी चिडले नाही आज. दमले असेन.

रेवाशी बोलणं: डबा, बस, ओरल कसं झालं. "कॅन." म्हणजे बरं. झालं.

५ सप्टेंबर, सोमवार. गणेश चतुर्थी.

शाळेला सुट्टी, मी रजा घेतलेली. उकडीचे मोदक निम्मे फुटले. तांदळाची पिठी इथली, उकड चिकट झाली, साबांनी माझ्यावर ढकललं, मी पिठीवर. अ. धोतर नेसला आणि ते सुटू नये म्हणून एका हातानं धरून बसला.

प्राणप्रतिष्ठा झाली. आरतीला उभे राहिलो. निरांजनाचं ताट दरवर्षी अ.च धरतो. तो वाकला तेवढ्यात रेवा खोलीतून आली. केस ओले होते. निळा कुडता. म्हणाली, "आय विल डू." आणि त्याच्या हातातून ताट घेतलं.

मी साबांकडे बघितलं. साबा माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांत जे होतं तेच माझ्याही असणार. केस का ओले? सकाळीच न्हाली की आत्ता? कितवा दिवस? आहे की नाहीच? बोटांवर तारखा मोजत होतो दोघी, मनात, आणि दोघींचा हिशेब कुठूनच लागत नव्हता.

रेवाला माहीत होतं. ती आमच्याकडे बघत होती, एकीकडून दुसरीकडे, आरती म्हणत. शब्द चुकत होती नेहमीसारखे. एक क्षण वाटलं, ती वाट बघतेय. कोण विचारतंय बघू या.

मी तोंड उघडलं नाही. जीभ दातांखाली अशी दाबून धरली की रक्ताची चव कळली. घंटा वाजवत राहिले.

आरती संपली. तिनं ताट फिरवलं. अ.नं घेतली. मी घेतली. मग ती साबांसमोर उभी राहिली, ताट पुढे केलं. साबांचे हात पदराखाली. मनातल्या मनात काहीतरी चाललेलं त्यांचं, ओठ हलत होते. ज्योत पंख्यानं लवत होती.

"आजी, घे ना. हात दुखतो माझा."

साबांनी हात बाहेर काढले. ज्योतीवर धरले, मग तोंडावरून फिरवले, आणि तसेच गरम हात रेवाच्या दोन्ही गालांवर ठेवले. शिवल्या. काहीच न विचारता. रेवानं गाल मागे घेतले नाहीत.

नंतर ती मोदक खायला बसली, फुटलेलेच वेचून. मी शेजारी बसले. ती बाजूला सरकली नाही. मी नाही विचारलं. अजून विचारायचंय, जीव जातोय माझा विचारायला.